मंजे, पिहाला पहाटे जाऊ नकोस

प्रिय मंजे,

दिवाळीपासून तुझं पत्र उत्तराविना पडलंय. काय शिव्या घालायच्या त्या भेटल्यावर घाल, मुकाट्याने ऐकेन. इकडे सगळे बरे, पाठही आता दुखत नाही. लगेच लिहायला बसले ते तुझ्या जानेवारीच्या न्यूझीलंडच्या बेतातल्या एका वाक्यामुळे: ‘रविवारी सहालाच पिहाला पोचू, गर्दी व्हायच्या आत पोहून घेऊ, मग उत्तरेला शांत जागा बघून डबे उघडू.’ दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर नुसतं ‘नको’ म्हणून सोडून दिलं असतं. तुला पाणी कळतं, म्हणून कारणासकट सांगते.

पिहाच्या किनाऱ्यावर जायचंच. काळीभोर वाळू, मधोमध लायन रॉकचा कातळ, मागे वायटाकेरेचं जंगल. ऑकलंडपासून तासाभरात असं दुसरं काही नाही. पण सहाला तिथे जेमतेम उजाडतं आणि जीवरक्षक आलेले नसतात. तिथला जीवरक्षकांचा क्लब १९३४ पासून माणसं बाहेर काढतोय. त्यांनी लाल-पिवळे झेंडे रोवले की त्या दोन झेंड्यांच्या मधे उतरायचं, झेंडे नाहीत तर घोट्यापलीकडे जायचं नाही. उत्तरेला दुसरा क्लब आहे, त्याचेही झेंडे असतात, पण तू म्हणतेस ती ‘शांत जागा’ म्हणजे कुणाचीच नजर नसलेली जागा. गर्दी टाळायची म्हणून तू नेमकी राखण टाळते आहेस गं.

तू म्हणशील, मी गुहागरची, मला कोण पोहायला शिकवणार! मंजे, आपला समुद्र दिवाळीनंतर निवतो. पिहाचा टास्मन समुद्र भर उन्हाळ्यातही निवत नाही. दूर दक्षिणेच्या वादळांतून उठलेली लाट मोकळ्या समुद्रावरून थेट इथे येऊन फुटते. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. गच्ची धुताना सगळं पाणी एका पन्हळीकडे धावतं ना, तसं ते वाळूच्या दोन बांधांमधल्या खोलगट भागातून आत ओढलं जातं. तोच रिप करंट. ओहोटी लागली की हे बांध उघडे पडायला लागतात आणि ओढ वाढते.

फसगत अशी की दोन्हीकडे पांढरा फेस आणि मधे लाटा न फुटणारा गडद, शांत पट्टा दिसतो. नवखा माणूस मुलांना घेऊन नेमका तिथे उतरतो, आणि तीच रिप असते. गढूळ पाणी किंवा फेस आत जाताना दिसला तरी तेच समज. लाटाही झुंडीने येतात. थोडा वेळ शांत गेला की मोठ्या तीन-चार एकामागून एक. म्हणून उतरण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं.

ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे हात मारायचे नाहीत. रिप कधी कधी सेकंदाला २ मीटरपर्यंत जाते, त्या वेगापुढे तूही दमशील, आणि दमलेला माणूसच बुडतो. पाठीवर तरंग, एक हात वर कर, तिच्याबरोबर जा. ती पुढे जाऊन सुटते किंवा फिरवून उथळात आणते. मग जिकडे लाटा फुटतात तिकडून बाहेर यायचं. रिप खाली खेचत नाही, आडवी नेते, हे ओजसला आजच समजाव. दुसरं कुणी ओढलं गेलं तर तू मागे उडी टाकायची नाहीस. जीवरक्षकाला हाक, ते नसतील तर १११ ला फोन करून पोलीस मागायचे. तुझी हीच मला खरी भीती आहे. तू थांबणाऱ्यातली नाहीस.

आंजर्ल्याला भरतीच्या वेळेवरून आपण शिर्केबाईंसमोर भांडलो होतो. तो वाद आता उकरत नाही, पण एक ऐक: ऑकलंड बंदराची भरती-ओहोटी पिहाला चालत नाही, पश्चिम किनाऱ्याची वेळ काही तासांनी वेगळी असते. तक्ता पिहाचाच बघ.

ओजसच्या सर्फिंगसाठी रीतसर शिकवणी घ्या. ८ फुटी फोमचा बोर्ड आणि ३/२ मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे थंडी अडवणारा रबरी पोशाख (जानेवारीतही पाणी २० अंशांच्या आसपासच), आणि कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या फेसावर सराव. बोर्ड कधीही आपल्या आणि लाटेच्या मधे आडवा धरायचा नाही, तोंडावर आपटतो, बाजूला धरायचा. पडताना सूर न मारता सपाट पडायचं आणि वर येताना हातांनी डोकं झाकायचं. सर्फबोर्ड झेंड्यांच्या बाहेर, पोहणारे आत. विनायकरावांना इतिहास लागतो ना, त्यांना सांग: न्यूझीलंडमध्ये मालिबू जातीचे सर्फबोर्ड पहिल्यांदा आणले ते १९५८ साली पिहालाच, दोन अमेरिकन जीवरक्षकांनी.

बाकी भराभर. नऊ-साडेनऊला पोचा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. बस जात नाही, पेट्रोल टिटिरांगीत भरा, शेवटचा रस्ता वळणांचा आहे तेव्हा माईंना पुढे बसवा आणि आवळासुपारी द्या. दुपारी वाळू तव्यासारखी तापते, चपला पाण्यापर्यंत. ५० एसपीएफचं सनस्क्रीन दर दोन तासांनी, ढग असले तरी. ओढणी, कुर्ता, जीन्स घालून कुणीही पाण्यात जायचं नाही. भिजलं की अंगाला जखडतं. दक्षिणेला ‘गॅप’ म्हणतात त्या भागाकडे खडकांवर फोटोसाठी चढायचं नाही. एक लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओजसला दे. वाळूत फिरवला की पिशवीला काळी दाढी फुटते. तारानाकीच्या ज्वालामुखीचं लोह आहे ते, प्रवाहांनी इतक्या वर आणलेलं. पिशवी उलटी केली की दाढी गळून पडते. तासभर पाण्याचं नावही काढणार नाही.

सूर्यास्त साडेआठच्या पुढे, आणि तो थेट समुद्रात. तोवर थांबा, फक्त झेंडे काढले की कोरडे व्हा.

तुझ्या बढतीचं अभिनंदन राहूनच गेलं! माईंच्या गुडघ्याचं काय ठरलं? कुंदाला म्हणावं, लोणचं पोचलं. बेत बदललास की लगेच कळव, नुसतं ‘हो’ लिहिलंस तरी चालेल.

तुझीच,
विजू