सुध्याला पत्र: दवाखान्याच्या वेबसाइटवर काय लिहावं

प्रिय सुध्या,

ताईच्या दवाखान्याच्या वेबसाइटसाठी लिहिलेला तुझा मजकूर नीट बसून वाचला. मेहनत घेतलीयस ते दिसतंय. फोनवर बोललो असतो पण बोलण्यात अर्ध्या गोष्टी राहून जातात आणि हा विषय माझ्या किती जिव्हाळ्याचा आहे ते तुला माहितीय, म्हणून सविस्तर लिहितोय.

तू विचारलंयस की इंग्रजीत रोज नवे शब्द येतायत, ते घातले तर साइट आजची वाटेल ना. नव्या शब्दांशी माझं अजिबात वाकडं नाही, उलट मला ते फार आवडतात. 'सेरेंडिपिटी' घे. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने २८ जानेवारी १७५४ ला एका मित्राला लिहिलेल्या पत्रात तो घडवला, सेरेंदीप म्हणजे श्रीलंकेचं जुनं नाव, तिथल्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून. शोधत नसताना काहीतरी छान हाती लागतं ना, त्याला इंग्रजीत एक शब्द हवाच होता. 'सेल्फी'चंही तेच, फोनला पुढे कॅमेरा आला, जो तो स्वतःचे फोटो काढायला लागला, त्याला नाव लागणारच होतं, २०१३ साली ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. २०२४ चा त्यांचा शब्द 'ब्रेन रॉट', म्हणजे मेंदू कुजणं, तर नवा पण नाही, थोरो या अमेरिकन लेखकाने १८५४ सालीच वापरलेला, पण तासन् तास रील्स बघून डोकं सुन्न होतं त्याला नाव हवं होतं म्हणून इतक्या वर्षांनी लोकांच्या तोंडी बसला.

म्हणजे मी एवढंच बघतो की या शब्दाने एखाद्या बिननावाच्या गोष्टीला नाव मिळालं का. आता तुझ्या पहिल्याच पानावर 'होलिस्टिक वेलनेस जर्नी' आहे, 'क्युरेटेड केअर' आहे, 'पेशंट सेंट्रिक सोल्युशन्स' आहे. यातून कशाला नाव मिळालं सांग? तपासणी, औषध, व्यायाम, यांना नावं होतीच की. गुडघा धरून बसलेल्या माणसाला डॉक्टर किती वाजता भेटतील, फी किती, जिना आहे का लिफ्ट, हे हवं असतं आणि तुझ्या मजकुरात वेळ शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आलीय!

आणि लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत रे. वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनने १९९७ साली तपासून बघितलं होतं, ७९ टक्के लोक नवीन पान नुसतं वरवर चाळत होते, शब्द न् शब्द वाचणारे फक्त १६ टक्के. त्याच अभ्यासात एक मजकूर जाहिरातीच्या भाषेत होता आणि तोच दुसऱ्यांदा साध्या सरळ भाषेत, बढाई काढून, तर तेवढ्यानेच तो २७ टक्के जास्त उपयोगी ठरला. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याला वाटतं भारी शब्दाने छाप पडते, पण वाचणाऱ्याला आधी त्यातली बढाई वेगळी काढत बसावं लागतं.

ब्रिटनमधे यावर खूप छान काम झालंय. त्यांच्या सरकारी साइटच्या लेखन नियमांत टाळायच्या शब्दांची यादीच आहे, 'लेव्हरेज', 'फॅसिलिटेट', 'युटिलाइज' सगळे त्यात. 'डिलिव्हर'बद्दल म्हटलंय की पिझ्झा, टपाल आणि सेवा डिलिव्हर होतात, सुधारणा नाही. गाडीच्या कराचं कायद्यातलं नाव व्हेइकल एक्साइज ड्यूटी, लोक म्हणतात रोड टॅक्स नाहीतर कार टॅक्स, आणि पानाचं शीर्षक साधं 'टॅक्स युअर व्हेइकल'.

पण मला सगळ्यात आवडतं ते त्यांच्या एनएचएसचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं. तिथे 'युरिन' आणि 'स्टूल'ऐवजी शक्यतो सरळ 'पी' आणि 'पू' (आपल्या भाषेत शू आणि शी) लिहितात. वाचायला अडखळणाऱ्यालाही ते कळतं आणि लोक बोलतात तसंच, शोधतात पण तसंच. मात्र 'युरिन टेस्ट' हा शब्द ठेवतात, कारण दवाखान्यात तोच कानावर पडणार असतो. किती विचार केलाय बघ! लघवीतून रक्त जातंय म्हणून घाबरून रात्री मोबाइल उघडलेल्या माणसाची काळजी त्या एका शब्दात आहे.

म्हणून मराठी पानावर तू जे 'मूत्रविसर्जनातील अडथळे' केलंयस ते काढ, 'लघवीला त्रास' लिही. 'संधिवात' राहू दे, तो आपल्याकडे सगळ्यांना कळतो. आणि 'फिजिओथेरपी', 'एमआरआय', 'प्लास्टर' यांचं मराठी करू नकोस प्लीज, पेशंट हेच शब्द बोलतात आणि चिठ्ठीवर पण हेच असतात. शुद्ध मराठीचा आग्रह मी समजू शकतो पण दुखणं घेऊन आलेल्या माणसाला आधी भाषेशी झगडायला लावणं मला पटत नाही.

अजून एक, सगळीकडे 'इथे क्लिक करा' आहे. ज्यांना दिसत नाही ते स्क्रीन रीडर, म्हणजे पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतात, त्यांना नुसत्या लिंकांची यादी ऐकता येते, मग सात वेळा 'इथे क्लिक करा' ऐकून काय कळणार? 'अपॉइंटमेंट घ्या', 'दवाखान्याचा पत्ता' असं लिही.

एक कर, दोन-तीन दिवस ताईच्या रिसेप्शनवर बस आणि फोनवर लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घे, अगदी 'पाठीत उसण भरलीय' पासून 'कार्ड चालतं का' पर्यंत. जे जास्त वेळा विचारलं जाईल ते पानावर वर घे. ती वही मला पाठव, रविवारी मी मोकळा आहे, मिळून लिहू. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
अव्या