‘प्रतिकारशक्ती वाढवते’ म्हणजे नेमकं काय?

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

प्रोबायोटिकच्या (म्हणजे उपयोगी जिवंत जंतूंच्या) डबीवरचा ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हा दावा कितपत खरा, असं तू विचारलंस. मला ‘वाढवते’ हा शब्दच खटकतो. ‘जागी ठेवते’ म्हण हवं तर, आणि तेही कॅप्सूल चालू आहे तोवरच.

रोगजंतूला आतड्यात आधी जागा आणि अन्न मिळवावं लागतं, आणि आपल्या मूळच्या जिवाणूंनी दोन्ही अडवून ठेवलेलं असतं. १९६२ साली बोनहॉफ आणि मिलर यांनी उंदरांवर हे दाखवलं: एरवी साल्मोनेला या रोगजंतूची लागण व्हायला लाखभर जंतू लागत, मूळचे जिवाणू मारणारं स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिल्यावर दहासुद्धा लागले नाहीत. प्रोबायोटिक ही मोकळी झालेली जागा तेवढ्यापुरती राखतं. लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू रोगजंतूंना न मानवणारं आम्ल सोडतात. ई. कोलाय निस्ले १९१७ हा जिवाणूचा वाण (उपप्रकार) तर लोह पळवून साल्मोनेलाला उपाशी ठेवतो (पहिल्या महायुद्धात ज्या सैनिकाला आमांश झाला नाही, त्याच्या आतड्यातून जर्मन डॉक्टर निस्लेंनी तो वेगळा केला होता).

खरी गंमत आतड्याच्या भिंतीपलीकडे आहे. आतड्याच्या अस्तरातल्या एम पेशी आतल्या जिवाणूंचे नमुने उचलून डेंड्रायटिक पेशींकडे, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या खबऱ्यांकडे, देतात. मग बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) आयजीए हे प्रतिपिंड बनवतात, ते श्लेष्मात मिसळतं आणि जंतूला भिंतीला चिकटू देत नाही. काही वाणांमुळे हे आयजीए वाढतं, पेशींमधले सांधे घट्ट होतात आणि आयएल-१० हा दाह शमवणारा संदेशरेणू वाढून दाह आटोक्यात राहतो. प्रोबायोटिक म्हणून मिळणारं सॅकरोमायसिस बुलार्डी हे तर जिवाणू नव्हे, यीस्ट आहे. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूचं विष तोडणारं प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं विकर) ते स्वतः सोडतं. म्हणजे गुण वाणाचा असतो, ‘प्रोबायोटिक’ या शब्दाचा नाही.

वाणाइतकीच वेळही महत्त्वाची. २०१८ मध्ये जुलाब सुरू झालेल्या मुलांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत, एकीत लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी तर दुसरीत दोन लॅक्टोबॅसिलसांचं मिश्रण देऊनही, काही फरक पडला नाही. जंतूंनी ठाण मांडल्यावर राखणदार पाठवून काय होणार? तिथे ओआरएस आधी. लहान मुलांना सोबत झिंक: सहा महिन्यांवर रोज २० मिलिग्रॅम, त्याआधी १०, दहा ते चौदा दिवस. शौचातून रक्त पडलं किंवा जोराचा ताप असला, तर डॉक्टर गाठावा.

अँटिबायोटिकसोबत घ्यायचं असेल, तर पहिल्या डोसापासून किंवा दोन दिवसांच्या आत सुरू कर. जिवाणूंची कॅप्सूल अँटिबायोटिकपासून किमान दोन तास लांब ठेव, नाहीतर ते औषध तिलाच मारतं. बुलार्डीला ही अडचण नाही, पण फ्लुकोनॅझोलसारखं बुरशीविरोधी औषध चालू असलं तर ते घेण्यात अर्थ नाही. गरम पाण्यात किंवा चहात मिसळू नकोस. डबीवर वाणाचं पूर्ण नाव हवं, आणि जिवंत जंतूंचा आकडा ‘मुदत संपेपर्यंत’चा हवा, ‘बनवताना’चा नव्हे. उगाच महिनोन्महिने घेऊही नकोस: २०१८ च्याच एका अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे जिवाणू परतायला उलट उशीर झाला.

एका बाबतीत मात्र मी अजिबात सूट देणार नाही. प्रतिकारशक्ती फार खालावलेली असेल, मुख्य शिरेत नळी असेल किंवा रुग्ण अत्यवस्थ असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कॅप्सूल नको. नळीवाटे बुलार्डी यीस्ट रक्तात शिरू शकतं, म्हणून अशा रुग्णाजवळ कॅप्सूल उघडतही नाहीत. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहावरच्या २००८ च्या चाचणीत प्रोबायोटिक दिलेल्या गटात २४ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात ९.

तुझ्या डबीवर काय लिहिलंय आणि अँटिबायोटिक कोणतं चालू आहे, ते कळव.

तुझा,
अजय