फॉरमॅट मारण्याआधी डिस्क तपासा

महोदय,

‘लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटे लागतात आणि मध्येच हँग होतो’ ही तक्रार घेऊन दुरुस्तीला गेले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : ‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो.’ तसे केले की आठ-पंधरा दिवस लॅपटॉप बरा चालतो आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत सपोर्ट संपला. तेव्हापासून सात-आठ वर्षांचे, अजून धडधाकट असलेले लॅपटॉपही ‘आता यात काही राम नाही’ म्हणून भंगारात निघत आहेत. मुलांचा अभ्यास, स्पर्धा परीक्षांचे अर्ज, दुकानाचे हिशेब ज्यावर आरामात होऊ शकतात, ते यंत्र केवळ चुकीच्या निदानामुळे फेकले जावे, याचे फार वाईट वाटते. म्हणून हे पत्र.

2015 ते 2019 च्या सुमारास घेतलेल्या मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये सर्रास फिरणारी हार्ड डिस्क असते. 500 जीबी किंवा 1 टीबीची, मिनिटाला 5400 फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला 90. तबकडीवरची हवी ती जागा गाठायला तिला दर वेळी साधारण 15 मिलिसेकंद लागतात. सेकंदाला साठ-सत्तर उड्या मारल्या की तिची ताकद संपली. विंडोज सुरू होताना मात्र हजारो बारीकसारीक फायली मागते. अँटिव्हायरस, अपडेट, फोटो क्लाउडवर चढवणारे प्रोग्राम, सगळे त्याच रांगेत. अशा वेळी प्रोसेसर जवळपास रिकामा बसलेला असतो आणि आपण दोष त्याला देतो.

हे घरी पाहता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कवर क्लिक करा. ‘ॲक्टिव्ह टाइम’ 100 टक्क्यांवर, प्रत्यक्ष वाचन सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी आणि ‘रिस्पॉन्स टाइम’ शेकडो मिलिसेकंद, असे चित्र लॅपटॉप सुरू होऊन वीस मिनिटे झाली तरी हटत नसेल तर आजार डिस्कशी निगडित आहे. हँग कसा होतो हेही नीट बघावे. माउसचा बाण फिरतो पण क्लिक केलेले काही उघडत नाही आणि मिनिटभराने सगळे एकदम उघडते, तेव्हा यंत्र डिस्कची वाट बघत असते. बाणच जागेवर गोठला, स्पीकरमधून एकच आवाज घरघरत राहिला आणि पॉवरचे बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर उरले नाही, तर संशय रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), उष्णता किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरवर (पडद्यावरचे चित्र सांभाळणारा प्रोग्राम) घ्यावा.

डिस्क नुसती मंद आहे की मरायला टेकली आहे, हा पुढचा प्रश्न, आणि फॉरमॅटच्या आधी नेमका हाच कोणी विचारत नाही. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम ती नोंद दोन मिनिटांत दाखवतो. त्यात 05, सी5 आणि सी6 या तीन ओळी पाहायच्या. 05 म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी5 म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत ठेवलेले, सी6 म्हणजे दुरुस्त न करता आलेले. तिन्हींपुढचा शेवटचा आकडा शून्य हवा. सी5 मध्ये काहीही दिसले तर त्याच दिवशी डेटा दुसरीकडे घ्यावा. असा सेक्टर वाटेत आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि तेवढा वेळ विंडोज खोळंबून राहते. आपण ज्याला हँग म्हणतो ते पुष्कळदा हेच.

अशा डिस्कवर फॉरमॅट मारून काय साधते? झटपट फॉरमॅट फायलींची यादी नव्याने लिहितो, तबकडीवरचे खराब ठिकाण जिथल्या तिथे राहते. थोडे दिवस बरे वाटते, कारण नव्या विंडोजमध्ये प्रोग्राम कमी असतात आणि फायली सलग लिहिलेल्या असतात. पण तेवढ्यात घरातले फोटो गेलेले असतात, आणि नवे विंडोज टाकताना डिस्कवर 20 जीबीच्या आसपास लिखाण झालेले असते, म्हणजे ते फोटो परत मिळवण्याची शक्यताही घटते. चेकडिस्क या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामची संपूर्ण दुरुस्ती चालवणेही तितकेच धोक्याचे. ती सगळी तबकडी तासन् तास घासून काढते आणि आजारी डिस्क त्यातच दम तोडू शकते. आधी डेटा, मग दुरुस्ती, हा क्रम मोडू नये.

डेटा काढण्यासाठी विंडोज सुरू व्हायलाच हवे असे नाही. दुसऱ्या संगणकावर 8 जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) उतरवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल काही करायचे नाही, ‘लाइव्ह’, म्हणजे थेट पेन ड्राइव्हवरून, वापरायचे. विंडोजचे फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) चालू असेल तर लिनक्स ती डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडते. नक्कल करायला तेवढे पुरते. अख्खी डिस्क उचलण्याच्या मागे न लागता आधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो घ्यावेत. एखाद्या फायलीवर गाडी अडली तर ती सोडून पुढे जावे. डिस्कमधून टक-टक असा ठोका ऐकू आला तर लॅपटॉप लगेच बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावा. तिथे घरगुती प्रयोग नकोत. डिस्कवर बिटलॉकर या विंडोजच्या सोयीचे कुलूप असेल तर 48 आकडी रिकव्हरी की लागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारी यंत्राची मूळ सेटिंग) हात घालण्याआधी लिहून ठेवावी.

या लाइव्ह पेन ड्राइव्हचा दुसरा उपयोग निदानाचा, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. त्यावर ब्राउझर उघडून, व्हिडिओ लावून तासभर लॅपटॉप चालवा. एकदाही हँग झाला नाही तर दोष डिस्कचा किंवा विंडोजचा. तिथेही गोठला तर हा हँग बहुधा डिस्कमुळे नाही आणि शोध रॅम, उष्णता आणि मदरबोर्डकडे (यंत्राचे मुख्य सर्किट) वळतो. एवढ्या एका चाचणीने निम्मी धावपळ वाचते.

दोष डिस्कचा निघाला तर अडीच इंची साटा एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवावी. घरकामाला 240 किंवा 256 जीबी पुरते. तिची जाडी 7 मिलिमीटर असते. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटरची असेल तर रिकाम्या जागेत प्लास्टिकची चौकट घालावी, नाहीतर ती कनेक्टरमध्ये हलते आणि नवीच तक्रार सुरू होते. जुनी डिस्क निरोगी असेल तरच क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करावे. तसे नसेल तर विंडोज नव्याने टाकणेच बरे. लॅपटॉपवर मूळचे परवाना असलेले विंडोज 10 चालत होते तर नवी की विकत घ्यायची गरज नाही. तो परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, डिस्कशी नाही. तीच आवृत्ती टाकून इंटरनेट जोडले की विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होते.

आता उष्णता. लॅपटॉप सुरू होतो, अर्धा तास ठीक चालतो, मग पंखा ओरडू लागतो, सगळे मंदावते आणि शेवटी यंत्र फटकन बंद पडते. प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःचा वेग कमी करतो, त्याहून तापला की वीज तोडतो. बाहेरून जाळीवर ब्लोअर मारून हे सुटत नाही, कारण धूळ जाळीवर नसतेच. मागचे कव्हर काढून पंखा उचलला की पंखा आणि तांब्याच्या पत्र्यांच्या मध्ये करड्या लोकरीसारखी पट्टी दिसते, चिमटीने सलग निघावी इतकी घट्ट. बाहेरून फुंकर मारली की तीच पट्टी आत ढकलली जाते. ती हाताने काढावी, पंख्याची पाती बोटाने धरून मग हवा मारावी. मोकळा सोडलेला पंखा हवेने भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडते. हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग) सोडवलाच तर वाळून खडूसारखी झालेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि प्रोसेसरवर मुगाच्या दाण्याएवढी नवी लावावी. स्क्रूंजवळ 1, 2, 3, 4 असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळावेत. ग्राफिक्सच्या मेमरीवर मऊ पॅड असतील तर तिथे पेस्ट चालत नाही, मधली फट तिने भरत नाही.

लाइट लागतो, पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही, ही कोकणातल्या पावसाळ्यातली नेहमीची तक्रार. दमट हवेने रॅमचे सोनेरी दात काळवंडतात. चार्जर काढा, बॅटरी सोडवा, पॉवरचे बटण 30 सेकंद दाबून धरा. मग रॅम काढून दातांवर साधा खोडरबर हलकेच फिरवा, कण झटका आणि ती तिरकी घालून खाली दाबा. दोन्ही बाजूंचा खटका वाजला पाहिजे. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहाव्यात. नवी घेताना डीडीआर3 आणि डीडीआर3एल यांत गल्लत नको : पहिली 1.5 व्होल्टची, दुसरी 1.35 ची, खाच दोघींची एकच. त्यामुळे चुकीची रॅम बसते छान, पण इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचे लॅपटॉप तिच्यावर सहसा सुरू होत नाहीत. घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर 3 व्होल्टचा, घड्याळ चालू ठेवणारा छोटा सीमॉस सेल संपलेला आहे. चुकीच्या तारखेमुळे बँकेच्या साइटही उघडत नाहीत.

चार्जरकडे कोणी बघत नाही. काही लॅपटॉपच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक पिन असते, जी चार्जरची ओळख यंत्राला सांगते. ती वाकली किंवा आतली तार तुटली की बॅटरी चार्ज होत नाही आणि लॅपटॉप स्वतःचा वेग मुद्दाम उतरवून ठेवतो. चार्जर काढल्यावर लॅपटॉप चपळ होत असेल, तर दोष इथे. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा कव्हर फाकले असेल तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग ताबडतोब थांबवा, ती टोचू-दाबू नका, आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

राहिला विंडोज 11 चा प्रश्न. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) असेल तर ते अधिकृतपणे चालते. बायोसमध्ये टीपीएम कधीकधी नुसते बंद ठेवलेले असते, ते आधी पाहावे. त्याहून जुन्या यंत्रांवर, 4 जीबी रॅम असली तरी, लिनक्स मिंट नीट चालते आणि त्यात मराठी टंकलेखनही होते. टॅलीसारखे केवळ विंडोजवर चालणारे काम असेल तर मात्र आधी विचार करावा.

डिस्क बदलून घेतली तर काढलेली जुनी डिस्क दुकानातून आठवणीने मागून घ्यावी. नव्या डिस्कवर सगळे चालू झाले तरी जुनीवर आधार कार्डाच्या प्रती, बँकेची कागदपत्रे आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तसेच असतात. महिनाभर ती जपून ठेवा, काही फाइल राहिली असेल तर सापडेल. मग तबकडीला ड्रिलने आरपार भोक पाडूनच ती ई-कचऱ्यात द्या.

आपला,
एक हार्डवेअर तंत्रज्ञ, रत्नागिरी