मामा, तुमचा टॉवेल अजून माझ्याकडेच आहे

मामा, नमस्कार.

नाव घालू नको म्हणालात, म्हणून घालत नाही. तुमच्या नातवाच्या फोनवर हे पाठवतेय, तो वाचून दाखवील. पण चार लोकांत लिहितेय ते मुद्दाम. माझ्या हाताला ज्यांनी नावं ठेवली, त्यांच्यापैकी एकानं तरी हे वाचावं असं मला फार वाटतं.

जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दुपारचे दोन वाजले असतील. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी मोगऱ्याची कुंडी पोटाशी धरून जिना उतरत होते. सकाळच्या घंटागाडीत टाकायची म्हणून ती फाटकापाशी नेऊन ठेवणार होते. तुम्ही खालच्या वहिनींकडची मेंदी कापून पायरीवर पाणी पीत बसला होता.

"कुठं न्हेतीस त्ये?"

"टाकायला. मेलंय."

तुम्ही काही बोलला नाहीत. अंगठ्याच्या नखानं खोडाची साल जराशी खरवडली आणि मला दाखवली. आत हिरवं होतं, मुगाच्या डाळीएवढं. मग कुंडी माझ्या हातातून काढून घेतलीत आणि तीन मजले चढून परत वर आणलीत. सत्तरी ओलांडलेला माणूस, सकाळपासून उन्हात राबलेला, आणि ना ओळख ना पाळख.

त्या मोगऱ्याचं माझ्यालेखी काय मोल आहे, ते तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं. आज सांगते. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, नदीकाठचं. आईच्या अंगणात मोगऱ्याचं मोठं जुनं झुडूप होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, आठवडाभर अंगणात पाणी उभं राहिलं, आणि पाणी उतरलं तेव्हा झुडपाची मुळं कुजलेली होती. त्याच्या आधी दोन वर्षं आईनं एक फांदी मला लावून दिली होती, तेवढीच उरली. पुढच्या वर्षी आईही गेली. जुन्या घराच्या अंगणात ही कुंडी सुखात होती. गेल्या दिवाळीत आम्ही या तिसऱ्या मजल्यावर आलो आणि तिच्या वाट्याला गच्ची आली.

बाहेरच्या लोकांना कोल्हापूर म्हटलं की पाणी आठवतं. पंचगंगा, रंकाळा, चहूकडं ऊस. खरंच आहे, जुलैत इथं पाण्याची भीती वाटते. पण मार्च ते मे स्लॅबच्या गच्चीवर येऊन बघा. दिवसभर तापलेल्या फरशीवर रात्री दहालाही अनवाणी उभं राहवत नाही. वारा असा कोरडा, की सकाळी घातलेलं पाणी दुपारी घातलंच नव्हतं असं वाटतं. वळीव येईपर्यंत सगळं असंच.

पानं करपायला लागली तशी मी दोन जणांकडं गेले होते. एकानं औषधाच्या दोन बाटल्या आणि खताची पिशवी गळ्यात मारली. सुकत चाललेल्या झाडाला खत घातलं की ते आणखी पोळतं, हे मला तुमच्याकडून कळलं. त्याला ते माहीत नसेल? दुसरा पाचशे रुपये घेऊन घरी आला. चपला काढायला नकोत म्हणून गच्चीच्या दारातूनच त्यानं फोटो काढला आणि म्हणाला, "मॅडम, काहींच्या हाताला झाडं लागतच नाहीत. प्लॅस्टिकची छान मिळतात आता." मी हसले, पैसे दिले, दार लावलं. पण ते वाक्य आत रुतून बसलं. भांडी घासताना, कणीक मळताना मी माझ्या हातांकडं बघायचे. आईनं सगळ्या जन्माची म्हणून एक फांदी दिली आणि ती माझ्या हातानं मरतेय, असंच वाटायचं. कुंडी उचलून जिना उतरायला लागले, ती त्या वाक्यामुळं.

तुम्ही काय केलंत? काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीच्या अंगाला तळवा लावलात आणि मला म्हणालात, "हितं हात ठेव." मी ठेवला. पाचपर्यंतही मोजवलं नाही, हात मागं घेतला.

"बघ. तुला चटका बसला की तू हात काढलास. त्याची मुळं कुठं पळत्याल?"

आणि मग तुम्ही डोक्याचा टॉवेल सोडलात, नळाखाली भिजवलात, न पिळता कुंडीभोवती गुंडाळलात आणि वर एक गाठ मारलीत. आजारी पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा. मी गोणपाट शोधते म्हणाले, तर म्हणालात, "घावंल तवा घाल. तवर ऱ्हाऊ दे ह्यो." आणि तसेच उघड्या डोक्यानं सायकलवर बसून त्या उन्हात निघून गेलात. मी कठड्यावरून बघत होते. वळणापर्यंत तुमचं पांढरं डोकं दिसत होतं.

मामा, तुम्ही नंतर पुष्कळ केलंत. विटांवर कुंडी चढवलीत, टाकीच्या आडोशाला अशी लावलीत की सकाळचं ऊन मिळावं आणि दुपारनंतर सावली. गावाकडनं उसाच्या पाचटाचा भारा सायकलला बांधून आणलात. "रानात पेटवून देत्यात लोक, हितं कुजल तरी," म्हणत चार बोटं जाडीचं आच्छादन घातलंत. कुंभार गल्लीतनं काळी न केलेली, न रंगवलेली, साधी भाजलेल्या लाल मातीची गाडगी आणायला लावलीत आणि गळ्यापर्यंत मातीत पुरून दिलीत. दोन पेरं बोट मातीत घालून ओल बघायची, वरनं कोरडं दिसलं म्हणून घाबरायचं नाही, पाणी घालायचं तर सूर्य कठड्यावर यायच्या आत, हे सगळं शिकवलंत. पैसे विचारले तर चहा मागितलात. या सगळ्याचे आभार आहेतच. पण रात्री झोप येत नाही तेव्हा आठवतो तो ओला टॉवेल. माझ्या हातात खोट आहे का, हे तुम्ही विचारलंच नाहीत. त्याच हातानं तुम्ही मला कुंडीचा ताप दाखवलात.

आता इथलं सांगते. पहाटे सहाला पाणी घालायला जाते. गाडग्यात तांब्याभर ओतलं की ते लगेच दिसेनासं होत नाही, माती हवं तसं ओढून घेत राहते. संध्याकाळपर्यंत गाडगं अर्धं होतं. ते वाकून बघायचा मला नाद लागलाय, पोरं वैतागतात. फुटक्या माठात चिनी गुलाब लावलाय, दहाच्या सुमाराला ऊन वर आलं की सगळी फुलं उघडतात. ज्या उन्हाला मी शिव्या देत होते त्याचीच तो वाट बघत असतो. तुमचं ऐकून उन्हाळ्यात कोथिंबिरीच्या मागं लागले नाही. चवळी आणि भेंडी लावली. भेंडी चारच निघाल्या, तरी त्यांची भाजी केली, प्रत्येकाच्या ताटात दोन-दोन चमचे वाढली. गवती चहाची पाती तोडते तेव्हा बोटांना जो वास येतो, तो दुपारपर्यंत जाऊ नये म्हणून मी हात धुवायचं टाळते. त्याच हातांना, मामा.

काही लोक ज्ञान विकतात आणि काही वाकून बघतात. माझ्या आयुष्यात वाकून बघणारी माणसं मोजकी आली. बहुतेक सगळी तुमच्यासारखी, कुणाच्या तरी फाटकाबाहेर पायरीवर पाणी पीत बसलेली. या गावात अशी माणसं अजून आहेत म्हणून इथला उन्हाळा सोसतो.

परवा संध्याकाळी वळीव झाला. आणि काल सकाळी मोगऱ्याला सात फुलं होती. महाद्वार रोडला गजऱ्यांचे ढीग असतात, पण ही सात मी ओंजळीत घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. पाच देवाला वाहिली. उरलेली दोन पाण्याच्या माठात टाकली, आई टाकायची तशी. पहिला तांब्या घरात सगळ्यांनी वाटून प्यायला. धाकटीनं विचारलं, "आज्जीच्या घरचं पाणी असंच लागायचं का?" मला उत्तर देता आलं नाही.

टॉवेल धुऊन घडी घालून ठेवलाय. कडेला खताचा एक पिवळा डाग पडलाय, निघत नाही. तुम्ही म्हणालात, ठेव, माझ्याकडं दुसरा हाय. पण तो घ्यायच्या निमित्तानं एकदा या. दुपारी येऊ नका, ऊन असतं. सकाळी लवकर या, मोगरा उमललेला असतो, आणि माठ भरलेला.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची पोर