डॉक्टरांच्या कॉन्फरन्समध्ये दारू कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डॉक्टरांच्या कॉन्फरन्सचं ब्रोशर आलं की त्यात 'कॉकटेल्स अँड डिनर' असतंच आणि त्याचं आता कुणाला काही वाटेनासं झालंय. मी तालुक्याच्या गावात फिजिशियन आहे आणि मला ते मनापासून खटकतं.

कोण घरी काय पितं यात मला पडायचं नाही. पण महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायला 5 वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट्स, म्हणजे शिक्षण चालू ठेवल्याचे गुण, लागतात, त्यासाठी आम्ही या कार्यक्रमांना जातो आणि डेलिगेट फी पिणाऱ्याला, न पिणाऱ्याला सारखीच. वर औषध कंपन्यांच्या स्टॉलचे पैसे असतात. डॉक्टरांनी कंपन्यांचा पाहुणचार घेऊ नये हा नियम 2009 पासून आहे, मग मध्ये डॉक्टरांच्या संघटनेची पावती आली की तोच पाहुणचार चालतो का?

माझ्याकडे दारूनं पोटात पाणी झालेले चाळिशीतले पेशंट येतात. सुई घालून पाणी काढत असताना पेशंटची बायको हळूच विचारते, 'डॉक्टर, सणासुदीला थोडी चालेल का हो?' मी सांगतो, थेंबसुद्धा नाही. दारूनं कॅन्सर होतो हे 1988 सालीच जाहीर झालंय, आणि दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं. हे आम्ही स्टेजवरून शिकवतो आणि त्याच आवारात बार लावतो.

सगळ्यात वाईट वाटतं ते माझ्या एका डॉक्टर मित्राचं. त्याची दारू सुटून बरीच वर्षं झालीत, एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आधारगट) मीटिंगला तो अजून जातो. दिवसभर पुढच्या रांगेत बसून नोट्स काढतो आणि संध्याकाळी ट्रे फिरायला लागले की रूमवर जाऊन एकटाच जेवतो, कारण नको म्हटलं की 'अरे एक तर घे' सुरू होतं आणि खरं कारण सांगायचं तर चारचौघांत आपला आजार सांगावा लागतो. रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, मुलींची अडचण वेगळी, फेलोशिपचं, नोकरीचं बोलणं त्याच टेबलांवर होतं, सीनियर सरांना चढलेली असते, आणि थांबावं की निघावं हे त्या बिचाऱ्यांनी ठरवायचं. हे सगळे आमचेच लोक आहेत ना, मग त्यांचा विचार कुणी करायचा?

परिषदांत दारू टाळा असं नॅशनल मेडिकल कमिशन या देशपातळीवरच्या नियामक संस्थेनं मागेच सांगितलंय, पण नुसत्या सल्ल्यानं काही हललेलं दिसत नाही. म्हणून माझी मेडिकल कौन्सिलला विनंती आहे की ज्या कार्यक्रमात, रात्रीच्या जेवणासकट, दारू दिली जाईल त्याला क्रेडिट पॉइंट्स देऊ नयेत, आणि आयोजकांकडून तसं अर्जातच लिहून घ्यावं.

– एक फिजिशियन, सांगली जिल्हा