प्लेटचे बूट आठवड्यातून दोनच दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडात पहाटे धावणारे वाढतात, अर्धमॅरेथॉनच्या जाहिराती लागतात आणि बुटांच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘कार्बन प्लेटचे आहेत का?’ पंधरा-वीस हजार रुपये मोजून घेतलेले हे बूट मग रोजच धावायला घातले जातात. पुळणीवर, घाटीच्या उतारावर, भर पावसातसुद्धा. पैसे जातात ते जातातच, पण पाय दुखावले तर दोन-तीन महिने घरी बसावे लागते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

कार्बन प्लेट म्हणजे बुटाच्या तळव्यातल्या फोमात बसवलेली कार्बन फायबरची ताठ पट्टी. ती स्प्रिंगसारखी उसळवते, हा समज आधी सोडायला हवा. २०१७ साली नायकीचा व्हेपरफ्लाय हा प्लेटचा बूट आला आणि कोलोरॅडो विद्यापीठातल्या चाचणीत त्याने धावण्यातली सुमारे ४ टक्के ऊर्जा वाचते असे दिसले. पुढे संशोधकांनी त्याच बुटाच्या प्लेटला आडवे काप देऊन तिचा ताठपणा घालवला, तरी ऊर्जेच्या खर्चात नगण्य फरक पडला. म्हणजे उसळी येते ती मुख्यतः जाड, हलक्या फोमातून. या बुटांत बहुधा पेबा नावाचा फोम असतो. तो इतका मऊ असतो की एकटा वापरला तर कापसाच्या गादीवर उभे राहिल्यासारखे वाटेल. प्लेट त्याला आकार देते, पाय डगमगू देत नाही आणि पुढून वळलेल्या तळव्यावरून पाऊल पुढे लोटते. त्या चाचण्या ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने धावणाऱ्यांवर झाल्या होत्या. किलोमीटरला साडेसहा मिनिटे घेणाऱ्याला फायदा बराच कमी मिळतो, काहींना तो जाणवतही नाही.

सरावासाठी कार्बनच हवा असे नाही. माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक धावणाऱ्यांनी नायलॉनच्या किंवा ग्लास फायबरच्या लवचिक प्लेटचा बूट घ्यावा. सॉकनीच्या एंडॉर्फिन स्पीडमध्ये नायलॉनची प्लेट आहे. आदिदासच्या बोस्टन १२ मध्ये ग्लास फायबरच्या काड्या आहेत. असे बूट शर्यतीच्या बुटांपेक्षा थोडे जड असतात, पण त्यांची टाच रुंद, रबर जास्त आणि आयुष्य मोठे असते. दुकानात ओळख सोपी आहे. एका हाताने टाच आणि दुसऱ्याने पुढचे टोक धरून बूट वाकवून पाहा. लवचिक प्लेट चवड्याच्या जागी थोडी तरी वाकते, कार्बनची जवळजवळ हलत नाही. मग बूट घालून एका पायावर उभे राहा आणि गुडघा हळूच वाकवा. घोटा आत कलंडत असेल तर तो बूट कितीही हलका असला तरी तुमचा नाही.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दमट हवेत दिवसभरात पाय फुगतो, आणि ज्या मोज्यांवर धावता तेच मोजे घालून घ्यावे. सर्वांत लांब बोटापुढे एक सेंटिमीटरभर जागा सुटली पाहिजे. प्लेटच्या बुटात बोटे वाकून जागा करून घेऊ शकत नाहीत, त्यामुळे अर्धा नंबर लहान पडला की उतारावर नखे काळी पडतात. मात्र टाच मागे सुटता कामा नये. सुटत असेल तर नाडी सर्वांत वरच्या भोकातून ओवून फास घालून बांधा. चालून पाहून या बुटांचा अंदाज येत नाही. दुकानदाराने दारापुढच्या सपाट जागेत पाच मिनिटे धावू दिले तरच निर्णय घ्यावा. ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या ‘फर्स्ट कॉपी’च्या नादी लागू नये. त्यातला फोम दिसायला जाड पण मेलेला असतो आणि आतल्या प्लेटचा काही भरवसा नसतो.

बूट आणला की दुसऱ्याच दिवशी दहा किलोमीटर मारायचे नाहीत. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या सावकाश धावण्यानंतर हे बूट घालून वीस-वीस सेकंदांच्या सहा झेपा, मध्ये पूर्ण विश्रांती. दुसऱ्या आठवड्यात एकेक किलोमीटर तीनदा, मध्ये दोन मिनिटे हलके धावणे. तिसऱ्या आठवड्यात वीस मिनिटांचा टेम्पो, म्हणजे जो वेग जेमतेम तासभर टिकवता येईल तो. पोटरी आणि टाचेमागची शीर तक्रार करत नसेल तरच चौथ्या आठवड्यापासून पूर्ण इंटर्व्हल, म्हणजे ठरावीक अंतर वेगाने आणि मध्ये हलके धावणे, किंवा लांब पल्ल्याचे शेवटचे पाच-सहा किलोमीटर शर्यतीच्या वेगाने. आठवड्यातून दोन वेळा पुरे आणि दोन्हींमध्ये निदान ४८ तास जाऊ द्यावेत. वॉर्म-अपची पंधरा मिनिटे जुन्या साध्या बुटांत करावीत. प्लेटचे बूट पिशवीत न्यावेत आणि मुख्य सरावाच्या वेळी बदलावेत. सावकाश धावताना पाऊल वेगळे पडते, जोर कमी असतो आणि ताठ तळवा नुसता अडचण करतो. शिवाय बोटांचे व तळपायाचे स्नायू वापरलेच गेले नाहीत तर ते दुबळे होतात. त्यासाठी पायरीवर उभे राहून टाचा उचलण्याचा व्यायाम रोज करावा: गुडघा सरळ ठेवून पंधरा वेळा, वाकवून पंधरा वेळा, असे तीन फेरे.

आता आपल्या रस्त्यांविषयी, कारण दुकानात मिळणारा सल्ला बहुधा शहरी सपाट रस्ता धरून दिलेला असतो. कोकणात दोन किलोमीटर सपाट तुकडा मिळणे मुश्कील. आरे-वारेचा सागरी रस्ता किंवा निवळी घाट चढताना वेग उतरतो आणि प्लेटचा फायदाही घटतो. उतरताना पाऊल टाचेवर आदळते. उंच मऊ टाच तिरकी दबते आणि फोम बाहेरच्या कडेने बसतो. गावातल्या डांबरी रस्त्यांना पाणी निघून जावे म्हणून कडेला उतार दिलेला असतो. त्या कडेने धावले की चाळीस मिलिमीटर जाड तळव्याच्या बुटात एक घोटा सतत कललेला राहतो. तेव्हा सपाट तुकडा शोधून त्याच्याच फेऱ्या माराव्यात आणि परतताना दिशा बदलावी. वाहतूक बंद असलेली वसाहतीतली गल्ली किंवा क्रीडा संकुलाभोवतालचा रस्ता चालेल. मुंबई-गोवा महामार्गाचा काँक्रीट पट्टा गुळगुळीत आणि सपाट दिसतो, पण सुसाट वाहनांच्या कडेला पहाटेच्या अंधारात वेगाचा सराव कोणी करू नये.

जांभ्याच्या कच्च्या वाटेवर आणि पाखाडीवर हे बूट नकोतच. अनेक मॉडेलच्या तळव्यात मधोमध लांब खोबण असते, कधी तिच्यातून प्लेट दिसतेही. खडीचा एखादा टोकदार खडा तिथे अडकला की प्रत्येक पावलाला आत रुततो, फोम फाडतो आणि प्लेटला ओरखडे पाडतो. सराव संपल्यावर बूट उलटा करून ती खोबण बोटाने तपासावी आणि जुन्या दातांच्या ब्रशने साफ करावी. गुहागर, मुरूड, आंजर्ले इथली पुळण ओहोटीला घट्ट असली तरी प्लेटच्या बुटांसाठी नाही. वाळूच दबते, मग फोमाला उसळायला आधार राहत नाही. वर खारे पाणी आणि रेती जाळीत शिरते. त्या पुळणीवर अनवाणी दहा मिनिटे चालावे. तळपाय बळकट करायला त्याहून सोयीचे साधन आपल्याला शोधावे लागणार नाही.

पावसाळ्यात शर्यतीचे बूट कपाटात ठेवलेले बरे. त्यांच्या तळव्याला रबर पातळ आणि थोडेच असते. शेवाळलेला चिरा, रंगवलेले पांढरे पट्टे, गटारावरची लोखंडी जाळी यांवर ते घसरतात. भिजलेच तर आतली गादी काढावी, वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, तासाभराने बदलावेत आणि बूट पंख्याखाली सावलीत वाळवावेत. चुलीजवळ, गॅसपाशी किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवले तर गोंद सुटतो आणि फोम आक्रसतो. वॉशिंग मशीनमध्ये तर नाहीच. बंद खोक्यात ठेवले तर श्रावणात हमखास बुरशी धरते. आपल्या हवेत घामानेच बूट आतून भिजतो, म्हणून सुती मोजे टाळावेत; पातळ कृत्रिम धाग्याचे घ्यावेत, नाहीतर आतली गादी सरकून फोड येतात.

आयुष्याचा ढोबळ अंदाज असा: कार्बनचे शर्यतीचे बूट २५० ते ४०० किलोमीटर, लवचिक प्लेटचे ५०० च्या आसपास. प्लेट सहसा मोडत नाही, फोम आधी मरतो. बाजूच्या फोमावर सुरकुत्या कायमच्या राहिल्या, टेबलावर ठेवल्यावर बूट एका बाजूला कलला, सरावानंतर पोटऱ्या विनाकारण दुखू लागल्या, तर बूट संपला असे समजावे. असा संपलेला बूट ‘सरावाला चालेल’ म्हणून वापरणे सर्वांत वाईट, कारण मेलेल्या फोमावर उरते ती फक्त ताठ पट्टी. शर्यतीसाठी वेगळा जोड ठेवणाऱ्यांनी त्यावर आधी दोन-तीन सराव करावेत, त्यातला एक १२ ते १५ किलोमीटरचा, शर्यतीच्या वेगाचा.

दुखण्यात फरक ओळखता आला पाहिजे. पोटरी दोन दिवस आखडली तर घाबरण्याचे कारण नाही. पण पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या पुढे, कमानीच्या उंचवट्यावर एका बोटाने दाबल्यावर नेमक्या जागी कळ येत असेल आणि त्या पायावर उडी मारताना दुखत असेल, तर त्याच दिवशी धावणे थांबवावे. तिथे नॅव्हिक्युलर नावाचे हाड आहे. २०२३ साली क्रीडावैद्यकाच्या नियतकालिकात कार्बन प्लेटचे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंना याच हाडाची इजा झाल्याचे प्रसिद्ध झाले आहे. साध्या एक्स-रेमध्ये ती अनेकदा दिसत नाही. ‘एक्स-रे चांगला आला’ म्हणून परत धावू नये. डॉक्टरांशी एमआरआयबद्दल बोलावे.

शाळकरी मुलांना, वाढ पूर्ण होण्याआधी, हे बूट देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या नियमानुसार रस्त्यावरच्या शर्यतीत तळव्याची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि एकच प्लेट चालते. ट्रॅकवर १ नोव्हेंबर २०२४ पासून मर्यादा २० मिलिमीटर आहे. म्हणजे रस्त्यावरचा जाड बूट घालून ट्रॅकवर उतरता येत नाही. पोलीस भरतीच्या १६०० आणि ८०० मीटरसाठी तयारी करणाऱ्या मुला-मुलींच्या घरांतूनही आता या बुटांसाठी कर्ज काढले जाते, हे फार वाईट वाटते. मातीच्या मैदानावर प्लेट काही देत नाही. तिथे हलका, पातळ तळव्याचा, चांगल्या पकडीचा दोन-तीन हजारांचा बूट पुरतो; उरलेले पैसे दूध, अंडी आणि डाळींवर खर्च व्हावेत.

आपल्या दैनिकामार्फत आयोजकांना एक विनंती. शर्यतीच्या पत्रकात टी-शर्ट आणि पदकाचे चित्र असते, मार्गाची माहिती नसते. एकूण चढ किती मीटर, डांबर कुठे, काँक्रीट कुठे, कच्चा तुकडा किती, एवढ्या चार गोष्टी नोंदणीच्या वेळीच छापाव्यात. म्हणजे कोणता बूट घालायचा हे धावणाऱ्याला महिनाभर आधी ठरवता येईल आणि त्याच बुटात सराव करता येईल.

आपला,
धावण्याचा एक प्रशिक्षक, रत्नागिरी