सूचना : मन जड झालं तर एकटे राहू नका

सर्व ज्येष्ठ सभासदांना नमस्कार.

जोडीदार गेल्यावर तेरा दिवस घर भरलेलं असतं. खरा एकटेपणा त्यानंतर सुरू होतो. म्हणून अशा घरी महिना-दोन महिन्यांनीही जात राहा. काही बोललं नाही तरी चालेल, सोबत चहा घ्या.

झोप उडालीय, जेवणावरची वासना गेलीय, कशातच मन रमत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासावर फोनवरून सल्ला देणारी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. नंबर आजच सेव्ह करा. जमत नसेल तर संध्याकाळी कट्ट्यावर फोन घेऊन या, मी करून देईन.

– सचिव